कुसाबाईचा आवाज

"आजोबा, आजी तुम्हाला हाक कशी मारायची? करून दाखवा ना," वैष्णवी म्हणाली, आणि रंगनाथने काही विचार न करता तोंड उघडलं. कुसाबाईला जाऊन आठवडा होऊन गेला होता. भेटायला येणाऱ्यांची दुपारची ये-जा नुकतीच ओसरली होती, आणि नाशिकच्या सिडकोतल्या त्या घराच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर घरचेच तेवढे उरले होते. मुलगा संतोष, सून स्नेहल, कॉलेजात जाणारी नात वैष्णवी, आणि भिंतीला टेकून स्वतः रंगनाथ. समोर टीव्ही होता, पण त्याच्यावर चादर होती. कुसाबाईला नेलं त्याच दिवशी शेजारच्या चतुराबाईंनी आपण होऊन कपाटातली जुनी चादर काढून त्याच्यावर टाकली होती, कारण सुतकात टीव्ही लावायचा नसतो. तेराव्यानंतर लावायचा, आणि तोही घरच्यांनी नाही. सासुरवाडीचा जो माणूस टोपी घालून दुखवटा काढतो, त्याच्याच हाताने. हा नियम कुठल्या पोथीत आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण गल्लीत सगळे पाळत होते. तर रंगनाथने तोंड उघडलं, "अहो, आलात का?" असं म्हणाला, आणि जो आवाज निघाला तो ऐकून वैष्णवीने टाळीच वाजवली. "अय्या, ही तर मालिकेतली थोरली वहिनी!" खरंच होतं. शेवटचं अक्षर लांबवायची ती लकब, नाकातला तो लाडिकपणा, सगळं संध्याकाळच्या मालिकेतल्या त्या दागिन्यांनी मढलेल्या बाईचं होतं. संतोषला हसू आलं, स्नेहलने तोंडावर हात धरला. आठवडाभरात घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं. रंगनाथही हसला, आणि हसता हसताच मधेच थांबला.

त्याने मनातल्या मनात दुसरं वाक्य घेऊन पाहिलं. "चहा ठेवू का?" हे कुसाबाई दिवसातून कितीदा म्हणत असेल त्याला सुमार नाही. वाक्य आलं, शब्द न् शब्द आला, पण म्हणणारी कुणी चहाच्या जाहिरातीतली तरणी पोर होती. मग "गोळी घेतली का?" घेतलं. ते बातम्या देणाऱ्या बाईच्या कोरड्या ठसक्यात आलं. "दार लावून घ्या" हे तर चक्क एका पुरुषाच्या आवाजात आलं. त्याने डोळे मिटून घेतले. कुसाबाई दिसत होती, अगदी लख्ख दिसत होती. हिरव्या काठाचं पातळ, एका कानातली सैल झालेली कुडी, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची सवय. तिचे ओठ हलत होते. पण ऐकू काहीच येत नव्हतं. स्नेहलने "अण्णा, पाणी देऊ?" म्हणून विचारलं तेव्हा त्याला आधी वाटलं, की चला, निदान हा आवाज तरी स्नेहलचाच आहे. मग त्याने मुद्दाम आपल्या आईला आठवलं. ती जाऊन जमाना झाला होता, पण बांधावरून "रंग्याऽऽ, भाकर खाऊन घे रं" म्हणून तिने मारलेली हाक जशीच्या तशी कानात उतरली, अगदी तिच्या दम्याच्या घरघरीसकट. कारखान्यातला फोरमन आठवला, त्याची शिवीसुद्धा त्याच्याच आवाजात आली. म्हणजे डोकं शाबूत होतं. सगळ्यांचे आवाज जागच्या जागी होते आणि नेमका हिचाच, जिच्याबरोबर जन्म काढला तिचाच, गेला होता. याची त्याला इतकी भीती वाटली की स्नेहलने दिलेलं पाणी न पिताच त्याने भांडं खाली ठेवलं.

ही गोष्ट कुणाला सांगायची तरी कशी? माणूस चष्मा हरवला म्हणून सांगू शकतो, चावी सापडत नाही म्हणू शकतो. बायको जाऊन आठवडा झाला आणि तिचा आवाज आठवत नाही, असं पोटच्या पोराला सांगितलं तर तो काय म्हणेल? डॉक्टरकडे नेईल, नाहीतर नुसता बघत राहील. त्या नुसत्या बघण्याचंच रंगनाथला जास्त भय होतं. म्हणून तो गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याला सगळ्यांनी दुःख समजून त्याला जपायला सुरुवात केली.

ओझरच्या कारखान्यात त्याने उभी हयात विमानाच्या पत्र्यांना रिव्हेटा, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्या, मारल्या होत्या. ते काम एकट्याचं नसतं. पत्र्याच्या अलीकडे रंगनाथ रिव्हेट ठोकायची बंदूक लावून उभा, पलीकडे झुंबर नावाचा त्याचा जोडीदार लोखंडाचा ठोकळा धरून बसलेला. मध्ये पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नसे, आणि शेडमध्ये असा कडकडाट की ओरडलं तरी आपलं आपल्यालाच ऐकू येत नसे. मग खुणा ठरलेल्या होत्या. रिव्हेट कच्ची बसली तर झुंबर पत्र्यावर एकदा ठोकायचा, पक्की बसली की दोनदा. वर्षानुवर्षं दोघांनी असं काम केलं आणि एकदाही भांडण झालं नाही. रंगनाथला त्याचा फार अभिमान होता. बोलायला लागतंय कशाला, असं तो चारचौघांत म्हणायचा, समजून घेणारं माणूस पलीकडे असलं की झालं. हीच पद्धत त्याने घरी आणली, आणि इथेच त्याची गफलत झाली, पण ती कळायला कुसाबाईला मरावं लागलं. कामावरून आला की तो टीव्हीपुढे बसायचा. कान शेडमधल्या गोंगाटाला सरावलेले, त्यामुळे बारीक आवाज त्याला चालत नसे; टीव्ही गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचा. मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कुसाबाई बोलायची. बोलायची म्हणजे बोलतच असायची, हे त्याच्या पाठीलाही कळायचं. तो मान न वळवता एकदा "हं" म्हणायचा, म्हणजे ऐकलं. जास्तच लांबलं तर दोनदा म्हणायचा, म्हणजे पुरे झालं, पक्कं बसलं. ती समजून घ्यायची आणि आत जायची. भांडण त्यांच्यातही कधी झालं नाही. निवृत्तीनंतर ओझर सोडून नाशकात आले, टीव्ही मोठा झाला, भिंतीवर गेला, एवढाच काय तो फरक.

आणि आता त्या टीव्हीवर चादर होती आणि घर कसं सुरेख झालं होतं. हे रंगनाथलाही दिसत होतं, त्याने डोळे थोडेच मिटले होते! संतोष एरवी कंपनीतून आला की ताट घेऊन मॅचपुढे बसायचा. तो आता स्नेहलला भाजी निवडून देत होता. वैष्णवी आजीच्या लहानपणीच्या गोष्टी विचारत होती. संध्याकाळी सगळे सतरंजीवर बसून एकमेकांना कुठले कुठले जुने किस्से सांगायचे, मधेच कुसाबाईच्या आठवणीने डोळे पुसायचे आणि मग पुन्हा बोलायला लागायचे. दहाव्याच्या आदल्या दिवशी शेंगा सोलता सोलता स्नेहल म्हणाली, "एक बोलू का? वाईट दिसेल, पण बोलते. किती शांत वाटतंय घरात."

"मला तर वाटतं, टीव्ही नकोच आता ठेवायला," संतोष म्हणाला. "काय अडतंय त्याच्यावाचून? बातम्या मोबाइलवर कळतात."

"पप्पा, तुमच्या मॅचचं काय?"

"मॅच नाही बघितली तर काय मरतो का मी?" संतोष बोलून गेला, आणि बोलल्यावर ओशाळला. मग त्याने वडिलांकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही सांगा. राहाल ना टीव्हीशिवाय? इतके दिवस राहिलातच की."

"राहीन की," रंगनाथ म्हणाला. "न राहायला काय झालं!"

तो हे मनापासून बोलला होता, कारण टीव्ही सुरू होण्याच्याच धास्तीने त्याची झोप उडाली होती. आवाज हरवल्याचा त्याने आपल्यापुरता एक उलगडा करून ठेवला होता. कुसाबाईचा आवाज गेलेला नाही, त्याच्यावर टीव्हीतल्या बायकांच्या आवाजांची पुटं चढली आहेत. घर शांत राहिलं तर हळूहळू ती पुटं गळून पडतील आणि खालचा आवाज उघडा होईल. भिंतीवर एकावर एक रंग दिलेले असतात, खरवडलं की पहिला रंग लागतो, तसंच काहीतरी. पण चौदाव्या दिवशी कुसाबाईचा भाऊ यादव वणीकडून येणार, गोडाचं जेवण होणार, तो चादर काढणार, बटण दाबणार आणि त्या वहिन्या नि जावा नि बातम्यांच्या बाया पुन्हा घरात घुसणार. त्याच्या आत आवाज सापडला तर सापडला. म्हणून संतोष असं बोलला तेव्हा रंगनाथला इतकं हायसं वाटलं की त्याने त्या दिवशी पोळी मागून घेतली.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि माणसं मागे सरून उभी राहतात न राहतात तोच कावळा आला. थांबला नाही, घुटमळला नाही, सरळ येऊन टोच मारली. "तृप्त गेली हो," बायका म्हणाल्या. "काही म्हणून मागं ठेवलं नाही बाईने." सगळ्यांचे चेहरे उजळले. रंगनाथ मात्र ओल्या पायऱ्यांवर उभा राहून घाबरला. त्याला वाटलं होतं, अडेल ती थोडी. काही मागेल. लोक त्याला पुढे करतील, काही राहिलं असेल तर बोला म्हणतील, आणि त्या निमित्ताने काही आठवेल. पण तीसुद्धा दोनदा ठोकून गेली, पक्कं बसलं म्हणून.  आणि मग आणखी वाईट विचार आला. समजा, मेल्यावर माणसं एकमेकांना भेटतात असं म्हणतात ते खरं असलं. समजा, तिकडे अशीच गर्दी असली, या घाटावर आहे तशी, सगळे ओलेते, सगळ्यांची तोंडं सारखी, आणि तिने कुठून तरी हाक मारली. त्याला कळणारच नाही ती कुणाची हाक आहे. तो शेजारून निघून जाईल. संतोषने त्याचा दंड धरला. "अण्णा, चक्कर येतेय का?" त्याने नाही म्हणून मान हलवली.

मग त्याने शोधाशोध सुरू केली. सगळे कामात असले की तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा, जिथे ती उभी राहायची तिथे, दाराच्या चौकटीला टेकून. तिथून टीव्हीपुढची त्याची खुर्ची दिसत होती. पाठीमागून आपण कसे दिसत असू, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. नुसतं डोकं दिसत असणार, आणि तेही हलत नसणार. वैष्णवीला त्याने आजीचे फोटो दाखव म्हटलं. तिने फोटोंबरोबर व्हिडिओही लावले. एकात कुसाबाई वैष्णवीला वाढदिवसाचं औक्षण करत होती, पण वर मोठ्याने गाणं वाजत होतं. एकात ती मोबाइल दिसताच हाताने नको नको करून पदर तोंडाशी नेत होती. एकात नुसती हसत होती, आणि मागे टीव्हीवर कुणीतरी बाई कडाकडा भांडत होती. "आजी बोललीय असा एखादा नाही का?" त्याने शक्य तितक्या सहजपणे विचारलं. "ती कॅमेऱ्यासमोर कुठे बोलायची?" वैष्णवी म्हणाली. "लाजायची."

शेवटी तो चतुराबाईंकडे गेला. पायरीवर बसल्या होत्या, गहू पाखडत होत्या. त्याने चादरीबद्दल त्यांचे आभार मानले, जरा खाकरला आणि मग म्हणाला, "ती तुमच्याशी काय बोलायची हो?"

"कोण, कुसाबाई?" चतुराबाईंनी सूप खाली ठेवलं. "अहो, काय नाही बोलायची ते विचारा. नकला काय करायची! त्या कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याची, भाजीवालीची, झालंच तर तुमची पण करायची."

"माझी?"

"मग! आम्ही बाया हसून हसून लोळायचो. गाणंसुद्धा म्हणायची. आवाज कसा खणखणीत होता तिचा. अजून कानात आहे बघा माझ्या."

रंगनाथला त्यांचा कान एकदम हेवा करण्याजोगा वाटला. त्या साध्या, अर्धवट पांढऱ्या केसांआडच्या, सोन्याच्या फुलाने ओघळलेल्या कानात त्याची बायको होती आणि त्याच्याकडे नव्हती. करून दाखवा, जरा तिच्यासारखं बोलून दाखवा, असं अगदी ओठावर आलं होतं. पण परक्या बाईला असं सांगायचं म्हणजे काय! शिवाय त्यांनी केलं, आणि आपल्याला ओळखता आलं नाही, तर? त्या 'तर'लाच तो भ्याला आणि उठून घरी आला. खणखणीत, असं तो वाटभर घोकत राहिला. शब्द मिळाला होता, पण शब्द घेऊन काय करायचं? खणखणीत तर बातम्यांची बाईही बोलते.

चौदाव्या दिवशी यादव आला. टोपी, उपरणं, स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं. रंगनाथपेक्षा बराच लहान, पण उन्हाने रापून त्याच्याच वयाचा दिसणारा. श्रीखंडाचं जेवण झालं, यादवने रंगनाथच्या डोक्यावर टोपी घातली, गुलाल लावला, दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. दुखवटा निघाला. मग हात पुसत यादव टीव्हीकडे वळला आणि चादरीला हात घालणार इतक्यात संतोष म्हणाला, "मामा, राहू द्या ते. आम्ही टीव्ही काढूनच टाकतोय. कंपनीतल्या वॉचमनला देणार आहे."

"काहून रं? बिघडला?"

"बिघडला नाही. घरात बोलणं-चालणं व्हायला लागलंय, म्हणून. अण्णांनाही नकोय."

"खरं का दाजी?" यादवला काही ते पटेना. "तुमी आन् टीव्ही नाय म्हंजे... आक्का तर म्हनायची, माझी सवत हाय ती भितीवरची."

सगळे हसले. रंगनाथने यादवकडे पाहिलं. वाक्य कुसाबाईचं होतं. त्याने ते आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. "अजून काय म्हणायची?" त्याने विचारलं.

"थांबा, हाय की माझ्याकडं," असं म्हणून यादवने खिशातून मोबाइल काढला. "तिला लिवाय कुठं यायचं? बोलूनच पाठवायची. मी पुसलं नाय काय." तो अंगठ्याने शोधत राहिला आणि रंगनाथने खुर्चीचा हात घट्ट धरला. पळून जावंसं वाटलं. मग मोबाइल बोलू लागला. आधी चारपाच माणसांचा कलकलाट, बातम्यांमधली वादावादी, मध्येच पंख्याच्या जाहिरातीचं संगीत. आणि त्या सगळ्याच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे कुणी असावं तसं, एका बाईचं बोलणं. शब्द लागत नव्हते. नुसतं वर जाणं, खाली येणं, मध्ये थांबणं. शेवटी रंगनाथचं स्वतःचं खोकणं, मोठं आणि स्पष्ट. संपलं.

"आई गं," म्हणून स्नेहल रडायलाच लागली. संतोषने तोंड फिरवलं. वैष्णवीने आजोबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्या सगळ्यांना आवाज क्षणात ओळखू आला होता. रंगनाथला आला नाही. पण त्याच्या कानात काहीतरी हललं. पाठ आपसूक ताठ झाली, मान पुढे आली, आणि काही जुळवाजुळव न करताच "हं" हा हुंकार त्याच्या घशाशी आला. मग त्याला समजलं. इतके दिवस तो तिला शांततेत शोधत होता, आणि शांततेत ती त्याच्यापाशी कधी नव्हतीच. त्याच्यापुरती कुसाबाई त्या गोंगाटाच्या पाठीमागेच राहिली होती. पुटं-बिटं काही नव्हती. गोंगाट काढून घेतला तेव्हा तीही त्याच्याबरोबर गेली होती.

"यादव, लाव तो टीव्ही," रंगनाथ म्हणाला.

"अण्णा, पण आपलं ठरलं होतं ना..."

"लाव म्हणतो ना!" तो इतक्या जोरात ओरडला की वैष्णवी दचकून बाजूला झाली. यादवने चादर काढली, बटण दाबलं. दुपारी कालचीच मालिका पुन्हा लागली होती, थोरल्या वहिनी कुणालातरी घराबाहेर काढत होत्या. "आवाज वाढव. अजून. अजून वाढव." खिडकीची काच थरथरायला लागली. रंगनाथ खुर्चीत बसला, पडद्याकडे तोंड करून, पाठ दाराकडे. आणि थोड्या वेळाने, जाहिराती सुरू झाल्यावर, ती आली. मागून, उजव्या खांद्याच्या जरा वरून. "अहो, मी काय म्हणते..." जाडसर, किंचित चिरका, 'म्हणते'वर थोडा अडणारा आवाज. कुठल्याही मालिकेत असा आवाज चालला नसता. तो तिचाच होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तरी भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली, कारण आता पुन्हा गमावायला काहीतरी होतं.

घरच्यांनी पाहिलं ते एवढंच, की म्हातारा टीव्ही लागताच रडायला लागला. पोरांनी जमवलेलं ते बोलणं-चालणं, शेंगा सोलणं, किस्से, सगळं त्या आवाजाखाली बसून गेलं. यादवची निरोपाची वाक्यंसुद्धा हातवाऱ्यांनीच झाली. त्याला गाडीत बसवून आल्यावर स्नेहल आणि संतोष बराच वेळ स्वयंपाकघरात काहीतरी बोलत होते. मग स्नेहल रंगनाथसमोर येऊन उभी राहिली आणि तिने काही विचारलं. तिचे ओठ हलले. चेहऱ्यावर काळजी होती, राग मुळीच नव्हता. त्याला वाटलं, आवाज कमी करून हिचं ऐकावं. पण स्नेहलचा आवाज कानात शिरला आणि त्याने कुसाबाईचा पुसला गेला तर? तो म्हणाला, "हं." स्नेहलने मान डोलावली आणि संतोषला हाक मारली.

त्यांनी टीव्ही भिंतीवरून काढून आतल्या त्याच्या खोलीत नेला, पलंगासमोरच्या टेबलावर ठेवला, वायरी जोडल्या. वाईट कुणीच काही केलं नाही. त्यांनाही त्यांची शांतता हवी होती आणि त्यालाही त्याचा टीव्ही हवा होता, दोघांची सोय झाली. स्नेहलने त्याला पाण्याचा तांब्या भरून दिला, उशी टेकायला नीट करून दिली, आणि बाहेर जाताना आवाज बाहेर येऊ नये म्हणून दार हलकेच ओढून घेतलं. संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं. दाराच्या फटीतून त्याला बाहेरची सतरंजी दिसत होती. वैष्णवी हातवारे करून काहीतरी सांगत होती, तिघे हसत होते. आपण तिथे जाऊन बसू शकतो, एवढ्या अंतरावर आहे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने रिमोट हातात घेतला.

ती यायला वेळ लागला. नव्या खोलीत वाट चुकली असेल, असं त्याला वाटलं. पण आली. "अहो, मी काय म्हणते..." आणि तिथेच पडद्यावरची माणसं भांडायला लागली, आणि पुढचं त्यात बुडालं. तो थांबला. पुन्हा आली. "अहो, मी काय म्हणते..." पुन्हा बुडालं. काय म्हणते? काय म्हणत होती ती दारात उभी राहून, रोज, इतकी वर्षं? सवतीचं म्हणत असेल, दुखण्याचं म्हणत असेल, कुठे जायचं म्हणत असेल, नाहीतर त्याचीच नक्कल त्याला करून दाखवत असेल. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तिचं वाक्य पुरं ऐकायचं होतं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्याने जन्मात न केलेली गोष्ट केली. मागे वळून म्हणाला, "बोल कुसे, बोल, मी ऐकतोय," आणि आवाज बंद केला.

खोली एकदम गप्प झाली. पडद्यावर तोंडं हलत राहिली. मागे कुणी नव्हतं, भिंत होती आणि खुंटीला त्याची पँट होती. बाहेर वैष्णवी काहीतरी बोलली ते मात्र स्वच्छ ऐकू आलं. त्याने घाईघाईने आवाज पुन्हा वाढवला, पहिल्याहून जास्त वाढवला. ती आली. "अहो, मी काय म्हणते..." तिथपर्यंतच आली. पुन्हा आली, पुन्हा तिथपर्यंतच. त्याच्या पुढचं काही नव्हतं, कारण त्याच्या पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्यापाशी तेवढीच होती ती. हे त्याला नीट समजलं, आणि समजल्यावरही अंगठा रिमोटवरून निघेना. दारावर कुणीतरी दोनतीनदा थाप मारली, बहुधा चहाला बोलवायला. रंगनाथ म्हणाला, "हं."